पस्तावण्याची मुदत

जहाज रात्रभर चालत राहिलेलं असतं. सकाळी पडदा सारला की चहूकडे पाणी. आज बंदर नाही, त्यामुळे उतरायचं नाही, कुठे जायचं नाही. क्रूझवाले याला ‘सी डे’ म्हणतात. दुपारची जेवणं आटोपली की एका लाउंजमध्ये ईझलवर चित्रं मांडली जातात. दाराशी नाव नोंदवून घेतात, हातात नंबरची पाटी देतात. शॅम्पेनचा ग्लास फुकट. समोर शगाल, पिकासो, दाली यांची मुद्राचित्रं असतात, शेजारी हयात चित्रकारांचे कॅनव्हास. माइक हाती धरलेला लिलावदार आता अनोळखी राहिलेला नसतो. तो आधी डेकवर भेटलेला असतो, ‘चित्र कसं पाहावं’ यावर तासभर बोललेला असतो, कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे हेही त्याला ठाऊक असतं.

चित्रासोबतच्या कार्डावर मूल्यांकनाचा मोठा आकडा असतो आणि बोली त्याच्यापेक्षा पुष्कळ खालून सुरू होते. एक पाटी वर जाते, मग दुसरी. हातोडा पडतो, टाळ्या वाजतात, बोलीच्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन चढतं. ईझलवरचं चित्र मात्र बरेचदा तिथंच राहतं. घरी येते ती त्याच आवृत्तीतली दुसरी प्रत, जमिनीवरच्या गोदामातून निघालेली.

या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली, 1969 साली सुरू झालेली पार्क वेस्ट गॅलरी. 1990 च्या दशकापासून तिचे लिलाव जहाजांवर होत आले. 2008 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या लिलावांवर मोठा लेख छापला. घरी परतल्यावर किमतीची आणि सहीची शंका आलेल्या काही ग्राहकांच्या तक्रारी त्यात होत्या. पाठोपाठ खटले उभे राहिले. गॅलरीने आरोप नाकारले आणि टीकाकारांवर बदनामीचा दावा लावला. 2010 साली ज्यूरीने तो फेटाळला, आणि पुढे न्यायाधीशाने तो निकाल बाजूला ठेवून पुन्हा सुनावणी घ्यायला सांगितलं. कोण खरं, कोण खोटं याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. इथला प्रश्न कोर्टाच्या प्रश्नाहून जुना आहे. समजा, लिलावदाराने उच्चारलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं, सहीही अस्सल होती. तरीही हातोडा पडला त्या क्षणी काही अधर्म घडला का?

हा प्रश्न रोमन विचारवंत सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे, आणि तोही सुट्टीवर निघालेल्या माणसाची गोष्ट सांगून. इसवी सनापूर्वी 44 साली अथेन्समध्ये शिकत असलेल्या मुलासाठी त्याने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात कानिअस नावाचा रोमन गृहस्थ येतो. माणूस हुशार, बोलण्यात चतुर, वाचलेला. तो सिराक्यूजला जातो तो कामासाठी नाही, आरामासाठी. तिथे सहज म्हणतो, समुद्रकाठी एखादी बाग मिळाली तर मित्रांना बोलवता येईल. ही गोष्ट पिथिअस नावाच्या सावकाराच्या कानावर जाते. तो म्हणतो, माझी बाग विकायची नाही, पण आपलीच समजा, उद्या जेवायला या. मग तो कोळ्यांना बोलावून सांगतो, उद्या माझ्या बागेसमोरच जाळी टाका.

दुसऱ्या दिवशी कानिअस येतो तर पंगत थाटाची, आणि समोरच्या पाण्यात होड्यांची गर्दी. एकेक कोळी वर येतो आणि ताजी मासळी यजमानाच्या पायाशी ओततो. हे काय, म्हणून पाहुणा विचारतो. यजमान सांगतो की सिराक्यूजची सगळी मासळी इथलीच, या बागेवाचून या लोकांचं चालत नाही. कानिअसला राहवत नाही. पिथिअस आधी आढेवेढे घेतो, मग मागितलेल्या किमतीला बाग विकतो, सामानसुमानासकट. तिसऱ्या दिवशी कानिअस मित्रांना बोलावून स्वतः लवकर येऊन बसतो. समुद्र रिकामा. तो शेजाऱ्याला विचारतो, आज कोळ्यांचा काही सण आहे का? शेजारी म्हणतो, माझ्या माहितीत तरी नाही. इथे कुणीच मासे धरत नाही, कालच मला नवल वाटलं होतं.

कानिअसला तेव्हा दाद मागायला जागा नव्हती. कारस्थानी कपटावर दावा लावण्याची सोय सिसेरोचा मित्र अक्विलिअस याने नंतर केली. कपट म्हणजे काय असं विचारलं की अक्विलिअस सांगे, दाखवायचं एक आणि करायचं दुसरं. ही व्याख्या बोलण्याला नव्हे, देखाव्याला पकडते. पिथिअसचं होड्यांबद्दलचं वाक्य खोटं होतं, हे खरं. पण ते वाक्य त्याने गाळलं असतं तरी कानिअस फसलाच असता. होड्या, मासळी आणि पंगत यांनी काम आधीच केलेलं होतं.

जहाजावरची फुकट शॅम्पेन म्हणजे होड्या आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. यजमानाने पाहुण्याला पेय देण्यात पाप नाही, आणि लाउंजमध्ये मांडलेलं चित्र खरोखरच समोर असतं. सिसेरोपाशी याहून बारीक प्रकरणही आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय, एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताना त्याने वाटेत पाहिली आहेत. हे त्याने सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, मालाचा दोष सांगणं कायद्याने बंधनकारक, बाकी भाव मिळेल तो घ्यावा. गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक असलं पाहिजे, कारण माणसं एकमेकांच्या हितासाठीच जन्माला आली आहेत. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वाइनसने हाच धान्याचा दाखला घेतला आणि मधली वाट धरली: गप्प राहणाऱ्याने न्याय मोडला असं नाही, पण सांगितलं असतं तर त्याचं शील मोठं ठरलं असतं.

या सगळ्या चर्चेत भर आहे तो विकणाऱ्याच्या बोलण्यावर आणि मौनावर. घेणाऱ्याचं काय? त्याच्याकडे पाहणारी दृष्टी इतर परंपरांत सापडते, आणि ती या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते.

यहुदी धर्मशास्त्राचा मूळ संग्रह म्हणजे मिश्ना, इसवी सन 200 च्या सुमाराला बांधला गेलेला. त्यात वाजवीपेक्षा जास्त भाव घेण्याला एक मर्यादा घातली आहे: एक षष्ठांश. त्याहून जास्त घेतलं तर सौदा मोडता येतो. केव्हापर्यंत? घेणाऱ्याला ती वस्तू एखाद्या व्यापाऱ्याला किंवा नातेवाइकाला दाखवता येईल इतका वेळ. किती साधं आणि किती खोल आहे हे! कायदा दिवस मोजत नाही. तो विचारतो की या माणसाला जाणकार गाठता आला का, घरचं माणूस भेटलं का. समुद्राच्या मध्यावर यातलं कुणीच नसतं. शेजारी बसलेले सगळे त्याच सुट्टीवरचे, त्याच चित्रांपुढे तितकेच नवखे. फोन असतो, पण जहाजावरचं इंटरनेट महाग आणि लिलाव मिनिटांचा.

त्याच मिश्नेत लोद गावची एक हकिकत आहे. रब्बी तार्फोनने तिथे शिकवलं की मर्यादा एक षष्ठांश नव्हे, एक तृतीयांश. लोदचे व्यापारी खूश झाले, नफ्याची मोकळीक दुप्पट झाली होती. मग रब्बी पुढे म्हणाला, मात्र घेणाऱ्याला माल परत करायला पूर्ण दिवस मिळेल. तसे व्यापारी म्हणाले, आम्हाला आमच्या जागी राहू द्या. ते पुन्हा जुन्याच नियमावर आले.

त्यांनी काय नाकारलं ते नीट पाहिलं पाहिजे. जास्त भाव त्यांना हवा होता, तो त्यांनी सोडला. गिऱ्हाइकाला मिळणारा वेळ सोसवेना म्हणून सोडला. पेठेत आयुष्य गेलेल्या माणसांना पक्कं ठाऊक होतं की फायदा आकड्यात कमी आणि घाईत जास्त असतो.

आपल्याकडच्या धर्मशास्त्राने तर पश्चात्तापालाच व्यवहाराचं एक प्रकरण मानलं. खरेदी-विक्रीनंतर मन फिरलं तर काय, या वादाला नावच आहे क्रयविक्रयानुशय. अनुशय म्हणजे पस्तावा. मनुस्मृती दहा दिवसांची मुदत देते, तेवढ्यात देणाऱ्याने परत घ्यावं, घेणाऱ्याने परत द्यावं. याज्ञवल्क्यस्मृती वस्तूगणिक परीक्षेचे दिवस ठरवते: लोखंडाला एक, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, बियाण्याला दहा, आणि रत्नाला सात. त्याच श्लोकात दासींसाठी महिन्याची आणि दासांसाठी पंधरवड्याची मुदत आहे. हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. माणसाला माल समजणाऱ्या व्यवस्थेकडून न्यायाचा धडा घ्यायचा तर डोळे उघडे ठेवूनच घ्यावा लागतो. तरी रत्नाचे ते सात दिवस मनात राहतात. ज्याचं मोल डोळ्यांना पटकन कळत नाही, त्याला लोखंडाच्या सातपट वेळ. याज्ञवल्क्यावरची ‘मिताक्षरा’ टीका महाराष्ट्रात वारसाहक्कासाठी विसाव्या शतकापर्यंत कोर्टात उघडली जात होती, त्यामुळे ती टीका वकिलांच्या ओळखीची. तिच्यातलं पस्तावण्याचं प्रकरण मात्र फारसं कुणी उघडत नाही.

कॅरिबियनची नेहमीची क्रूझही सात रात्रींचीच असते.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. चित्र म्हणजे बियाणं नव्हे. त्याचा ‘वाजवी भाव’ कोण सांगणार? मिश्नेतच रब्बी यहुदाचं मत नोंदलं आहे की धर्मग्रंथाची गुंडाळी, जनावर आणि मोती यांना जास्त भावाचा नियम लागू नाही. मिश्नेवरच्या पुढच्या चर्चेत, म्हणजे तालमूदात, कारणंही दिली आहेत: ग्रंथाच्या मोलाला अंत नाही, आणि आपल्याकडच्या मोत्याशी जुळणारा मोती शोधणारा माणूस त्यासाठी काहीही मोजेल. ज्या जोडप्याला आपल्या दिवाणखान्यातल्या भिंतीला शोभेल असं चित्र जहाजावर दिसलं आणि आवडलं, त्यांनी दिलेली किंमत चुकीची म्हणणारे आपण कोण?

उत्तर देणं सोपं नाही. पण लाउंजमध्ये विकलं जातं ते नुसतं आवडणं नसतं. कार्डावर मूल्यांकनाचा आकडा असतो, सोबत प्रमाणपत्र असतं, आणि चित्राच्या खाली पेन्सिलीने केलेली सही असते. मोत्याला जोडीदार हवा म्हणून जास्त पैसे देणारा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवतो. आकडा पाहून पाटी उचलणारा दुसऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवतो. हा दुसरा भरवसा तपासायला वेळ लागतो, आणि तोच तिथे नसतो.

सहीचं प्रकरण दालीइतकं कुणाचंच गुंतागुंतीचं नाही. 1950 च्या सुमाराला इटलीच्या सरकारने दान्तेच्या सातशेव्या जयंतीसाठी त्याच्याकडून ‘डिव्हाइन कॉमेडी’ची चित्रं मागवली. इटलीच्या महाकवीवर स्पॅनिश चित्रकार कशाला, म्हणून ओरड झाली आणि काम काढून घेतलं गेलं. दालीने ते सोडलं नाही. त्याच्या शंभर जलरंगचित्रांवरून पॅरिसमध्ये लाकडी ठशांची मुद्राचित्रं निघाली, त्यासाठी साडेतीन हजारांच्या आसपास ठसे कोरले गेले. ठसे कोरले कारागिरांनी, वर्षानुवर्षं खपून. पुढच्या काळात दाली कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवू लागला. 1974 साली अँडोराच्या सीमेवर फ्रेंच कस्टमने एक वाहन अडवलं, त्यात त्याच्या सहीचे सुमारे 40,000 कोरे कागद होते. हात दालीचाच, सही अस्सल. पण तो साक्ष कशाची देत होता? अजून न काढलेल्या चित्राची.

जहाजांवरच्या वादात आलेल्या चित्रांत ही ‘डिव्हाइन कॉमेडी’ची मुद्राचित्रंही होती. दान्तेने त्या काव्यात कपटाला हिंसेच्याही खाली, नरकाच्या अधिक खोल थरात ठेवलं, कारण हिंसा जनावरही करतं, कपटाला बुद्धी लागते. कपटाचं रूप म्हणून त्याने गेरिऑन नावाचा प्राणी उभा केला: चेहरा सज्जन माणसाचा, धड सापाचं, आणि अंगावर भरजरी कापडालाही लाजवतील अशा रंगीत नक्ष्या. आपण चेहरा पाहतो, नक्षी पाहतो. शेपटी मागे असते. तिच्यापर्यंत नजर जायला वळसा घालावा लागतो, म्हणजे पुन्हा वेळच लागतो.

मग खरंखोटं कळल्यावर नेमकं हरवतं काय? रेम्ब्राँ 1669 साली गेला, पण त्याने कोरलेले तांब्याचे काही पत्रे टिकले आणि त्यांवरून शतकांनंतरही छापे काढले गेले. रेषा त्याची, शाई आणि दाब दुसऱ्याचा. असा छापा भिंतीवर लावून त्यावर दहा वर्षं प्रेम करणाऱ्याचं प्रेम खोटं होतं का? शिंपल्यात चांदीचा भास व्हावा याचं उदाहरण वेदान्ती नेहमी देतात. शिंपला कळला की चांदी जाते, आणि ती तिथे कधी नव्हतीच हेही कळतं. चित्राचं तसं होत नाही. शंका आल्यावरही रेषा तीच राहते, निळा रंग तोच राहतो. जातो तो पाहणाऱ्याचा निवांतपणा. तो आता चित्र पाहू शकत नाही, फक्त तपासू शकतो. फसवणुकीतलं हे नुकसान कुठल्याही परताव्याने भरून येत नसावं.

क्रूझ संपते, माणसं विमानाने घरी जातात, काही आठवड्यांनी दाराशी चपटं खोकं येतं. पुठ्ठा, फोम, कोपऱ्यांना प्लॅस्टिकचे रक्षक, आत फ्रेम. टेबल रिकामं करून ती ठेवली जाते. बायको जरा मागे सरून पूर्ण चित्र पाहते आणि म्हणते, छान दिसेल इथे. नवरा चष्मा कपाळावर सारतो आणि फ्रेमच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर वाकतो, पेन्सिलीच्या त्या दोन इंचांवर.