पुन्हा तेच पाप, पुन्हा तीच क्षमा?



पापनिवेदनाच्या रांगेत उभे असताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक विचार येऊन जातो. मागच्या वेळी जे सांगितले, तेच आज पुन्हा सांगायचे आहे. तोच राग, भावाविषयीची तीच अढी, तीच बाटली. ‘पुन्हा असे करणार नाही’ म्हणून गेलो होतो, आणि आठवडाही टिकलो नाही. आता फादरांना काय वाटेल? देवाला काय वाटेल? हे ढोंग तर होत नाही ना?

असे वाटून काहीजण रांगेतून मागे फिरतात. मग कम्युनियनला जाणे थांबते. मग मिस्सा मागच्या बाकावरून, पुढे चर्चच्या दाराबाहेरून, आणि शेवटी तीही बंद. पापाने जितके दूर नेले नसते, तितके लाजेने नेलेले असते.

संत पौलालाही एक काटा सलत होता. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो त्याविषयी लिहितो. तो काटा कोणता हे त्याने सांगितलेले नाही. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा प्रभूची विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर मात्र मिळाले. प्रभूची कृपा त्याला पुरेशी आहे, आणि माणूस दुबळा असतो तेथेच प्रभूचे सामर्थ्य पूर्णपणे प्रकट होते, असे ते उत्तर होते. आपण काटा काढून मागतो. देव कधीकधी काट्यासह चालण्याचे बळ देतो.

पण बळ मिळूनही पाय घसरतच राहिला तर? या प्रश्नाचे उत्तर एका संताच्या जीवनात सापडते. चीनमधील मार्क जी तियानशियांग (१८३४-१९००) हे व्यवसायाने वैद्य. गोरगरिबांवर ते मोफत उपचार करीत. गावात मान होता, घरात भक्ती होती. पुढे पोटाच्या दुखण्यावर औषध म्हणून त्यांनी अफू घेतली आणि तिच्या आहारी गेले. ते पापनिवेदनाला जात, तेच पाप सांगत, आणि पुन्हा अफू घेत. अखेर त्यांच्या पापनिवेदक धर्मगुरूंना वाटले की, या माणसाला सुधारायचेच नाही. त्यांनी पापक्षमा देण्याचे नाकारले. व्यसन हा आजारही असतो, हे त्या काळी कोणाला फारसे ठाऊक नव्हते.

सुमारे तीस वर्षे मार्क यांना पापक्षमा मिळाली नाही, कम्युनियन मिळाले नाही. आपण असतो तर काय केले असते? बहुधा रागावून चर्चची पायरी सोडली असती. मार्क यांनी ती सोडली नाही. ते येत राहिले, प्रार्थना करीत राहिले. १९०० साली बॉक्सर बंडात ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली, तेव्हा मुलगा, सुना आणि नातवंडांसह तेही पकडले गेले. आपल्या घरातील कोणालाही एकट्याने मरावे लागू नये म्हणून आपल्याला सर्वांत शेवटी मारावे, अशी विनंती त्यांनी केली. मरियामातेची लितानी गात त्यांनी मरण पत्करले. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी चीनमधील १२० रक्तसाक्षींना संतपद दिले, त्यांत मार्कही होते. ज्या माणसाला तीस वर्षे अफूला ‘नाही’ म्हणता आले नाही, त्याला मरणासमोर प्रभूला ‘होय’ म्हणता आले. हे बळ त्याचे स्वतःचे होते, असे कोण म्हणेल?

मग ते ढोंगी होते का? ढोंगी माणूस पाप लपवतो आणि भक्ती दाखवतो. मार्क यांनी काहीही लपवले नाही. पुन्हा पडण्याची भीती वाटणे वेगळे आणि पुन्हा पडायचे ठरवूनच येणे वेगळे. पापक्षमेसाठी प्रामाणिक निश्चय लागतो. आपण पुन्हा कधीच पडणार नाही अशी हमी लागत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही सांगतो की, सवय, भीती आणि मनाच्या इतर अवस्था यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते.

मात्र येथेच दुसरा खड्डा आहे. ‘देव दयाळू आहे, तो समजून घेईल’ असे म्हणत बाटली पुन्हा उघडणे म्हणजे कृपेवर विसंबणे नव्हे. ती कृपेची थट्टा आहे. कृपेवर विसंबलेला माणूस हात जोडतो आणि मदतीसाठी हात पुढेही करतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. दारूपुढे आपले काही चालत नाही, हे कबूल करणे ही तिची पहिली पायरी. डॉक्टरांचे उपचार, अशा गटातील सोबत, घरच्यांचा धीर या वाटांनीही कृपा येते. त्या वाटा बंद ठेवून ‘देवा, मला वाचव’ म्हणण्यात अर्थ नाही.

घरच्यांसाठीही एक शब्द. क्षमा करणे म्हणजे मार खात राहणे नव्हे, पगार गुत्त्यात जाताना गप्प बसणेही नव्हे. पडलेल्याला प्रेमाने आवरणे, आणि गरज पडल्यास मुलाबाळांना सुरक्षित ठिकाणी नेणे, हेही प्रीतीचेच काम आहे.

आणि आपण, जे स्वतःला सावरलेले समजतो? मागच्या बाकावर कोणी दिसला की आपली कुजबुज सुरू होते. तो तेथवर कसा पोहोचला, हे आपल्याला माहीत नसते. कदाचित त्या दिवशी घरापासून चर्चपर्यंतची वाट चालणे हीच त्याची सर्वांत मोठी प्रार्थना असेल. आपण थोडे सरकून त्याला जागा करून देऊ या.

आणि तो मागच्या बाकावरचा माणूस आपणच असू, तर येत्या शनिवारी पुन्हा रांगेत उभे राहू या. तेच पाप सांगावे लागेल. हरकत नाही. सांगायला आपण आलो, ही त्याच्याच कृपेची सुरुवात आहे.