घेणारा नावे, देणारा जमा

फाटलेला मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, शिवून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे या पायावर भार नको." तो कुणावर टाकायचा, हे मात्र सांगितलं नाही. आमच्याकडे तो आपोआप वाटला गेला. आंघोळ बायकोकडे, कुबड्या मुलाकडे, भाजीची पिशवी शेजारच्या काकांकडे. बँकेतला मित्र रोज संध्याकाळी मला धरून जिना उतरवी, आणि वर चढवताना कुणाची बदली कुठं झाली तेही सांगे.

आता बी.कॉम. झालेल्या माणसाला फुकटचं पचत नाही. १४९४ साली लुका पाचोलीनं दुहेरी नोंदीची पद्धत ग्रंथात छापली, तेव्हापासून आमची जातच तशी! घेणारा नावे, देणारा जमा. मी वही काढली. पण रात्री दोनला उठून माझ्या पायाखाली उशी सरकवणाऱ्या बायकोच्या खात्यात किती जमा करायचे? ओव्हरटाइमचा दर लावावा, तर तिला ड्यूटीची वेळच नाही.

मित्राला मी पेढ्यांचा पुडा दिला. तो म्हणाला, "खातं बंद करतोस काय रे?"

वाल्मीकींच्या उत्तरकांडात राम हनुमंताला सांगतो, की तुझे उपकार माझ्यातच जिरोत. कारण परतफेडीची वेळ यायची, तर आधी तुझ्यावर संकट यायला हवं. म्हणजे माझा हिशेब चुकता व्हायचा, तर मित्राचा गुडघा फाटला पाहिजे! तसा तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरतो. मी वरून ओरडतो, "अरे, हळू!"

वहीत हल्ली बायको दुधाचा हिशेब लिहिते.