कशामुळे झालं?

कुणाला मधुमेह निघाला, कुणाचं ब्लड प्रेशर वाढलं, कुणाच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन जास्त आलं, की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कशामुळे झालं?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात. एक शरीराचा: आत काय बिघडलं? दुसरा कोर्टातला: चूक कोणाची? मराठीतला ‘कारणीभूत’ हा शब्द डॉक्टरच्या अहवालातही चालतो आणि पोलिसांच्या पंचनाम्यातही, त्यामुळे आपण एकातून दुसऱ्यात कधी गेलो ते कळतही नाही.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मूत्रपिंडावर पोस्टडॉक करते. मंडळाच्या कार्यक्रमांत हे कळलं की जेवणाच्या रांगेतच सल्लामसलत सुरू होते. मागच्या दिवाळीत एक काकू बोलायला आल्या. काकांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, “हे गोड फारसं खात नसत हो. खरंच.” मी त्यांच्यावर कसलाच आरोप केला नव्हता, तरी त्या साक्ष देत होत्या. त्याआधी किती जणांपुढे द्यावी लागली असेल, कोण जाणे.

म्हणून आधी शरीराच्या प्रश्नाचं उत्तर नीट पाहू, कारण ते आपण समजतो त्यापेक्षा बरंच लांब जातं.

एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे गाळण्या असतात. पण माणसामाणसांत फरक प्रचंड आहे. कुणाकडे दोन-अडीच लाख, तर कुणाकडे वीस लाखांच्या वर. ही संख्या गर्भातल्या शेवटच्या काही आठवड्यांत ठरते. जन्मानंतर नवी गाळणी तयार होत नाही, असलेल्या फक्त कमी होतात. रक्तातली साखर दीर्घकाळ जास्त राहिली की प्रत्येक गाळणीवरचा दाब वाढतो, ती जास्त काम करू लागते, मग तिच्यातून प्रथिनं झिरपतात, शेवटी तिथे व्रण होतो आणि ती बंद पडते. तिचं काम उरलेल्यांवर येतं. गाळण्या घटल्या की रक्तदाब वाढतो आणि वाढलेला रक्तदाब आणखी गाळण्या बंद पाडतो. या चक्रात हृदयही भरडलं जातं. मूत्रपिंडाच्या आजाराचे कितीतरी रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधी हृदयविकाराने जातात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये हृदय, मूत्रपिंड आणि चयापचय यांच्या विकारांना मिळून एकच नाव दिलं ते याचसाठी. तीन स्पेशालिस्टांकडच्या तीन फायली म्हणजे पुष्कळदा एकच आजार असतो.

म्हणजे मूळ भांडवल किती होतं, याला फार महत्त्व आहे. कमी वजनाच्या बाळांकडे ते सहसा कमी असतं. आणि आपली बाळं कमी वजनाची असतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी केली. इथलं सरासरी वजन २.७ किलो, तिथलं ३.५. पण आपल्या बाळांत स्नायू कमी भरले तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. याज्ञिकांचा इंग्लंडमधल्या डॉ. युडकिन यांच्यासोबतचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला दोघेही सडपातळच. इथल्या मधुमेह संघटनेनेही २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआय मर्यादा २५ वरून २३ वर आणली आहे. आपल्यातल्या किती जणांच्या डॉक्टरांना ते लक्षात असतं, हा वेगळा प्रश्न.

तर काकांच्या आजाराचं कारण कोणतं? त्यांच्या आईला गरोदरपणी पोटभर न मिळालेलं अन्न? तिशीत इथे आल्यावर कारशिवाय किराणाही आणता येत नाही असं उपनगर? बसून करायची नोकरी? श्रीखंड? चारही म्हणता येतील. पण मंडळात चर्चा फक्त चौथ्याची होते, कारण खटला त्या एकावरच भरता येतो.

हल्ली याच्या उलट टोकाचाही एक दावा फिरतो: ब्रिटिशांच्या काळातल्या दुष्काळांमुळे आपल्याला मधुमेह होतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या डच उपासमारीत गर्भात असलेल्या मुलांवर झालेले परिणाम अभ्यासलेले आहेत, त्यामुळे कल्पना निराधार नाही. पण एका उपाशी आईच्या पोटातल्या बाळापासून १८७६ च्या दुष्काळापर्यंत उडी मारायची तर मधल्या पाच-सहा पिढ्या ओलांडाव्या लागतात आणि तेवढा पुरावा आपल्या हाती नाही. मला वाटतं, हा दावा आवडतो कारण तो आरोपी बदलतो, खटला तसाच ठेवतो.

नशीब म्हणावं, तर आपल्या परंपरेत तेही सरळ नाही. प्रारब्ध म्हटलं तरी खातं शेवटी आपल्याच नावावर, मागच्या जन्मीचं. गर्भात ठरलेल्या गाळण्यांचं खातं मात्र कोणाच्याच नावावर नाही. आईच्याही नाही. तिला काय खायला मिळावं हे तिने ठरवलं नव्हतं.

इंग्लंडच्या जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये एका निबंधात केनियातले भटके पशुपालक आणि लंडनचे सरकारी नोकर यांचे रक्तदाब शेजारी शेजारी मांडले. लंडनमध्ये ‘यालाच का झालं?’ असं विचारलं तर उत्तर त्या माणसात सापडतं: अनुवंश, वजन, सवयी. ‘लंडनमध्ये इतक्यांना का आणि तिकडे इतक्या कमी जणांना का?’ असं विचारलं तर उत्तर पूर्ण समाजाच्या जगण्यात सापडतं. दोन्ही उत्तरं खरी आहेत. आपण पहिलाच प्रश्न विचारतो, कारण दुसऱ्याचं उत्तर ऐकायला समोर कोणी एक माणूस नसतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला हलका वाटत नाही: दोष काढून घेतला तर माणूस प्रयत्न कशाला करेल? सिगारेट ओढणाऱ्यालाही ‘तुझा काय दोष’ म्हणायचं का? तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी एका ट्रकचालकाचं उदाहरण दिलं आहे. त्याने ब्रेक तपासायचा आळस केला आणि नेमकं एक मूल आडवं आलं. तसाच आळस करणाऱ्या दुसऱ्याच्या वाटेत कोणी आलं नाही, तर आपण त्याला फार बोलत नाही. एकाच पंगतीत तेवढंच श्रीखंड खाणाऱ्या दोघांचंही असंच आहे. ज्याच्याकडे वीस लाख गाळण्या आहेत त्याला आपण ‘खवय्या’ म्हणतो. निष्काळजीपणा असतोच, पण आपण शिक्षा त्याच्या प्रमाणात देत नाही, परिणामाच्या प्रमाणात देतो. जबाबदारी मला मान्य आहे: उद्याची गोळी, उद्याचं चालणं. कालच्या प्रत्येक घासाचा जाब विचारल्याने उद्याची गोळी घेतली जाते, असं मात्र मी पाहिलेलं नाही.

उलटच पाहिलं आहे. लाज वाटली की माणूस तपासणी टाळतो आणि या आजारात तपासणीखेरीज काही कळतच नाही. निम्मं काम गेलं तरी क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. लघवीतल्या अल्ब्युमिनची साधी तपासणी त्याआधी इशारा देते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या आता गाळण्यांवरचा दाबच कमी करतात. वेळेवर सुरू केल्या तर डायलिसिस पुष्कळ लांबतं. रुग्ण त्या गोळीला ‘लायक’ आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही.

प्रत्यारोपणाची वेळ आली की मात्र लायकी पुन्हा काढली जाते. ‘त्याने आयुष्यभर सांभाळलं नाही, आता तिने मूत्रपिंड का द्यायचं?’ भारतात जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त, त्यामुळे या रागात तथ्य आहे. पण समजा, काकांनी आयुष्यात साखरेचा कण खाल्ला नसता, तर काकूंनी मूत्रपिंड देणं आपोआप न्याय्य झालं असतं का? त्यांना नाही म्हणता आलं असतं का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचा काकांच्या चारित्र्याशी संबंध नाही. इथे प्रत्येक दात्यासाठी रुग्णाच्या टीमपासून स्वतंत्र असा एक माणूस नेमावा लागतो. दात्याला एकांतात माघार घ्यायची असेल, तर घरच्यांना फक्त ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढंच कळवण्याची पद्धत आहे. ही सोय ज्यांनी केली त्यांना कुटुंब चांगलं कळत होतं.

काकूंशी त्या दिवशी मी याबद्दल बोलले नाही. त्यांना मुलाची काळजी होती. तो इथेच जन्मला, बत्तीसाव्या आठवड्यात. आता सव्वीस वर्षांचा आहे, पळतो, जिमला जातो. त्याने दरवर्षी ब्लड प्रेशर आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं आणि जन्माचं वजन डॉक्टरांना सांगावं, असं मी सुचवलं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नसतो. मी माझं, २.२ किलो, ‘इतर माहिती’च्या ओळीत लिहिते.