तात्पुरते

मराठीतला सर्वांत टिकाऊ शब्द कोणता, असे कोणी विचारले तर मी ‘शाश्वत’ म्हणणार नाही, ‘तात्पुरता’ म्हणेन. डोंबिवलीत ज्याने चार पावसाळे काढलेत त्याला हे पटेल. गच्चीवर तात्पुरता घातलेला पत्रा इमारतीहून जास्त टिकतो. वरच्या मजल्यावरच्या अण्णांनी गणपतीआधी ‘दोन दिवसांकरता’ नेलेला आमचा घोडा (शर्यतीचा नव्हे, भिंत रंगवायचा) त्यांच्याकडे इतका रुळलाय, की मी मागायला गेलो तर अण्णा म्हणाले, “न्या की! पण संध्याकाळी आठवणीने परत आणा हं!”

हा गुण खास आपला, असे मी समजत होतो. पण विमानांविषयी वाचताना कळले की साहेबही यात कच्चा नाही.

सुरुवातीची पुष्कळ विमाने दुमजली असत. एकावर एक दोन पंख, मध्ये दांडे आणि तारा. थेट आपली चाळीतली गॅलरी, फक्त कपडे वाळत घालायचे बाकी! लाकडाचा आणि कापडाचा हलका सांगाडा त्यामुळे मजबूत होई, पण त्या तारा-दांड्यांना हवा अडे आणि वेग मार खाई. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओने एकमजली विमानातून इंग्लिश खाडी चाळीस मिनिटांच्या आत ओलांडली. तेवढ्या वेळात आपली स्लो लोकल डोंबिवलीहून निघून जेमतेम अर्ध्या वाटेवर येते. पुढे १९१२ साली काही जीवघेणे अपघात झाले आणि ब्रिटिश लष्कराने एकमजली विमाने तात्पुरती बंद केली. बंदी काही महिन्यांत उठली, मनातली मात्र वीसेक वर्षे उठली नाही. हरिकेन १९३५ साली आणि स्पिटफायर १९३६ साली आकाशात झेपावले, तरी १९३७ साली ब्रिटिश हवाई दलात ग्लॅडिएटर हे दुमजली लढाऊ विमान नव्याने दाखल होतच होते!

अखेर धातूचे बळकट पंख आले आणि वरचा मजला उतरला. पण फुकट काही मिळत नाही. पंख कमी आणि वजन जास्त, म्हणजे उतरताना वेगही जास्त. जुन्या दुमजली विमानाला गवताळ मैदान पुरे. नव्या जड विमानांना लांब, पक्की धावपट्टी हवी. आकाशात एक पंख वाचला, त्याची भरपाई खाली कुणाच्या तरी शेताने केली.

अशी शेते आपल्या शेजारीच आहेत. कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळी लागते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे विमानतळ केला. शेतकरी म्हणतात, जमीन युद्धापुरती घेतली होती, ती परत द्या. सरकारी बाजू म्हणते, जमीन रीतसर संरक्षण खात्याची आहे. युद्ध १९४५ साली संपले. नौदलाच्या कुंपणावरून वाद पेटला तो २२ जून २०१७ रोजी. पोलिसांच्या गाड्या जळल्या, दोन्हीकडची माणसे जखमी झाली.

कागद कुणाचा खरा, हे कोर्टाने सांगावे. मला छळतो तो वेगळाच प्रश्न. अडचणीच्या वेळी घेणे वाईट नाही. शत्रू दाराशी असताना कुणी सात-बारा उघडून बसत नाही. पण गरज संपल्यावर नुसती वर्षे लोटली म्हणून वस्तू घेणाऱ्याची होते का? घेणारा विसरतो, कारण वस्तू त्याच्याकडे असते. देणाऱ्याला विसरता येत नाही, कारण त्याचा हात रिकामा असतो; आणि तो रिकामा हात बाप मुलाला, मुलगा नातवाला वारसाहक्काने देतो. देशाला आज नवी गरज असेलही. मग ती नव्याने सांगावी, नव्याने मागावी आणि नव्याने मोल द्यावे. जुन्या गरजेच्या पावतीवर नवा माल उचलू नये. वाण्याकडेही हे चालत नाही.

विमान उडते तेव्हाच कुठे उतरायचे ते ठरलेले असते. एवढी शिस्त गरजेलाही लावावी. ‘तात्पुरते’ असे जिथे लिहू, तिथे पुढे तारीख घालावी. आणि शाई जरा बरी वापरावी, कारण ती वाचायची वेळ बहुधा नातवावर येते.