साचा आणि प्राणप्रतिष्ठा

रोह्याच्या एखाद्या घरी पेणहून आणलेली गणेशमूर्ती गौरींबरोबर कुंडलिकेत विसर्जित होते. तथापि घरातील कोणासही ती कायमची गेली असे वाटत नाही. पेणच्या कारखान्यात साचा आहे, पुढील भाद्रपदात मूर्ती पुन्हा येईल, हा भरवसा मनात असतो. असा भरवसा सांभाळण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न यंत्रयुगात नव्याने विचारार्ह झाला आहे.

परस्परांशी जोडलेल्या सर्व्हरांच्या समूहासही असाच एक साचा असतो. कोणते काम कोणत्या यंत्राने करावे, गुप्त किल्ल्या कोणत्या, ही सारी व्यवस्था एका लहानशा डेटाबेसात नोंदलेली असते. कुबरनेटीस या प्रचलित पद्धतीत त्याचे नाव एटसीडी. यंत्रे गेली तर नवी आणता येतात. हा डेटाबेस गेला, तर त्या यंत्रांनी काय करावयाचे हेच कोठे लिहिलेले उरत नाही.

त्याच्या तीन किंवा पाच प्रती निरनिराळ्या यंत्रांवर असतात व निर्णय बहुमताने होतो. तिहींपैकी एक किंवा पाचांपैकी दोन बंद पडल्या तरी काम चालते. मग निराळ्या बॅकअपची गरज काय, असे कोणी विचारील. परंतु बहुमत म्हणजे विवेक नव्हे. भलतीच नोंद पुसण्याची आज्ञा झाली, तर सर्व प्रती ती एकमताने पुसतात! चूक सुधारावयास भूतकाळाचा साक्षी लागतो; वेळोवेळी काढून दूर ठेवलेली प्रत हा तो साक्षी होय.

साक्षीही पारखावा लागतो. २०१७ साली गिटलॅब या संस्थेचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा योजलेल्या पाच उपायांपैकी एकही भरवशाचा नसल्याचे तिनेच कबूल केले; सुमारे सहा तासांची माहिती गेली. साचा फडताळात आहे एवढ्याने भागत नाही. त्यातून मूर्ती काढून पाहावी लागते. न पारखलेली प्रत बाळगणे ही केवळ आत्मवंचना नव्हे. तिच्यावर विसंबणारे बहुधा दुसरेच असतात, म्हणून तो त्यांचा विश्वासघात होय.

आणि परत आलेले तेच असते काय? प्रतीवरून एटसीडी पुन्हा उभारताना त्यास नवी ओळख दिली जाते, जेणेकरून जुने सभासद चुकून त्यात मिसळू नयेत. प्रत घेतल्यानंतर घडलेले तर परततच नाही. साच्यातून आकार मिळतो. प्राणप्रतिष्ठा दरवर्षी नव्यानेच करावी लागते. जतन करणे म्हणजे वस्तू कोंडून ठेवणे नव्हे. ती पुन्हा उभी करण्याचा अभ्यास संकट नसतानाच चालू ठेवणे होय.