विसरणाऱ्याचा होकार

आरशातली चांदणी हे मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांमधलं मुलांचं सगळ्यात आवडतं. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी, तिच्यावर आडोसा, समोर आरसा. स्वतःचा हात थेट दिसत नाही, आरशातच दिसतो, आणि दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. डोळे एक दिशा दाखवतात, हाताला जायचं असतं उलट्या दिशेने. कोपऱ्यावर पेन्सिल अडते, थरथरते, भलतीकडे जाते. काही खेपांनंतर कुठेतरी जुळतं. चुका कमी होतात, वेळ कमी लागतो, मुलं जर्नलमध्ये उतरता आलेख काढतात. कसं जमलं म्हणून विचारलं, तर मात्र कुणालाच सांगता येत नाही.

मग मी हेन्री मोलाइसनची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला हा तरुण. फिट्स कशानेच आटोक्यात येईनात, म्हणून 1953 साली, त्याच्या वयाच्या 27व्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा आणि लगतचा बराच भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण साठवण्याची ताकद गेली. जेवून उठला की जेवल्याचं आठवत नसे. माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्यापुढे हीच चांदणी ठेवली, ओळीने तीन दिवस. असला कागद आपण आधी कधी पाहिलाय, हे त्याला रोज नव्याने ठाऊक नसे. हात मात्र सुधारत गेला. शेवटी शेवटी इतकं सफाईने जमलं, की हे अवघड दिसत होतं आणि आपल्याला बरंच जमलं, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. मिल्नर यांनी 1962 साली हे मांडलं आणि स्मृती एकच नसते, हे मानणं भाग पडलं. काय घडलं ते आठवण्याची वाट वेगळी, कसं करायचं ते शिकण्याची वाट वेगळी. या दुसऱ्या वाटेवर लहान मेंदू आणि मेंदूच्या खोल गाभ्यातली केंद्रं काम करतात, आणि हेन्रीकडे ती वाट शाबूत होती.

ही गोष्ट मी चांगली सांगते. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, हे मला माहीत आहे. वर्ग स्तब्ध होतो. हल्ली मी स्वतःला विचारते, मी थांबते त्या क्षणी माझ्या मनात हेन्री असतो का? माझी जीभ ही गोष्ट शिकली आहे, जशी पेन्सिल चांदणी शिकते. पहिल्यांदा ती वाचली तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, एवढं मला आठवतं. ती अस्वस्थता माझ्यात आता कुठे आहे, ते मला दाखवता येत नाही.

आत्याच्या बाबतीत हे अधिक टोचतं. आता ती मला ओळखत नाही, पण पुढ्यात कापूस ठेवला की तिच्या समईच्या वाती सुरू होतात. उलगडणं, ओढणं, तळहातावर वळणं. सगळ्या एकसारख्या, एकही सैल नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आनंद झाला, आणि त्या आनंदात वर्गात सांगायला उदाहरण मिळाल्याचा आनंद मिसळलेला होता. तिच्या हातांकडे बघताना मी तिच्या चेहऱ्याकडे किती वेळ बघितलं, याचं उत्तर मला माहीत आहे. त्या सत्रात मी वर्गात वाती सांगितल्या. नाव घेतलं नाही. नाव न घेणं म्हणजे विचारणं नव्हे.

हेन्रीचंही नाव दशकानुदशकं कुणी घेतलं नाही. साऱ्या जगाला तो 'एच. एम.' या दोन अक्षरांनीच माहीत होता. 2008 साली, 82व्या वर्षी तो गेला, त्यानंतर पूर्ण नाव बाहेर आलं. सुझान कॉर्किन यांनी त्याचा सुमारे पन्नास वर्षं अभ्यास केला. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचे 2401 काप करण्यात आले, तेही थेट प्रक्षेपणात. हयातीत तो चाचण्यांना बसायचा, कुरकूर करत नसे, शब्दकोडी सोडवायचा. आपल्यामुळे इतरांना मदत होते, याचं त्याला समाधान वाटे, असं त्याच्या जवळच्यांनी सांगितलं आहे. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण संमती म्हणजे काय, हा प्रश्न इथे मला अडवतो. संमती दिल्यानंतर माणूस ती मनात बाळगतो, तिच्यावर विचार करतो, प्रसंगी उद्या येऊन ती मागे घेतो. हेन्रीला तो उद्या नव्हता. त्याने काय मान्य केलं होतं, ही आठवण ठेवायची जबाबदारी सगळीच्या सगळी विचारणाऱ्यांवर पडली होती. हा भार कुणी कसा पेलला, यावर पुढे जाहीर वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. स्वतः स्कोव्हिल यांनी अशी शस्त्रक्रिया पुन्हा करू नये म्हणून इतर डॉक्टरांना सावध केलं, हे मी वर्गात आवर्जून सांगते. पण हेन्रीला कोण, किती वेळा, कोणत्या शब्दांत विचारत होतं, हे मी आजवर सांगितलेलं नाही. मुलांनीही ते कधी विचारलं नाही. मी गोष्ट अशी सांगते, की तो प्रश्न सुचायला जागाच उरत नाही.

हेन्री वाट्याला आला नसता, तर मी जे शिकवते त्यातलं बरंचसं शिकवता आलं नसतं. त्याच्यासारखी स्मृती गमावलेल्यांना आणि अल्झायमरच्या रुग्णांनाही आरशातली चांदणी शिकता येते, हे पुढे दिसलं. आत्याच्या हातांकडे निव्वळ नवल म्हणून न बघता, तिचं काहीतरी अजून जागं आहे, या भरवशाने मी बघू शकते ते त्यामुळेच. हे ऋण खरं आहे, आणि ते त्याने जाणूनबुजून दिलं का, ही शंकाही खरी आहे. दोन्ही एकत्र मनात धरून वर्गात उभं राहायचं, तर माझा नेहमीचा ठेका मोडावा लागेल.

मी आत्तेभावाला विचारलं, की आईच्या वातींबद्दल वर्गात बोलू का. तो म्हणाला, बोल की, त्यात काय! पण ती परवानगी त्याची. आत्याला विचारलं, तर ती हो म्हणेल. हल्ली ती सगळ्यांनाच हो म्हणते, औषध देणाऱ्या मुलीला, दारात आलेल्या अनोळखी माणसाला, मला. हा होकार मी वर्गात न्यावा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सध्या वाती घरीच आहेत.