चुकांचा रकाना

माझं अक्षर चांगलं आहे, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात महागात पडलेला गुण. शाळेत होतो तेव्हा फळ्यावरचा सुविचार मी लिहायचा. लग्न झाल्यावर सासरकडच्या यच्चयावत लग्नपत्रिकांवर पत्ते मी घालायचे. बँकेत चौतीस वर्षं लेजरं मी लिहायची. निवृत्त झाल्यावर हे अक्षरही माझ्याबरोबर निवृत्त होईल, अशी माझी भाबडी समजूत होती. पण आमच्या जळगावच्या कॉलनीत खेळाचे एक सर राहतात. ते एका संध्याकाळी आले, चहा घेतला, दोन केळी खाल्ली (जळगावात पाहुण्याला केळं हवं का म्हणून विचारायचं नसतं, हातात द्यायचं असतं) आणि म्हणाले, "काका, पोरांच्या सॉफ्टबॉलच्या मॅचेसना स्कोअरर पाहिजे. तुमचं अक्षर..."

पुढचं मी ऐकलंच नाही. ऐकायची गरज नव्हती.

सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ. १८८७ साली शिकागोत थंडीच्या दिवसांत काही रिकामटेकड्या मंडळींनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने तो बडवला. खेळाचा जन्म हा असा. आपल्याकडे सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ साली निघाली, बेसबॉलची १९८३ साली. केळी आणि भरताची वांगी पिकवणाऱ्या आमच्या गावाला हा खेळ मानवला, आणि इथली पोरं ग्लोव्ह घालून उन्हातान्हात धावू लागली. लहानपणी विटीदांडू खेळलेल्या माणसाला त्यात फारसं नवल वाटत नाही. विटी गोल केली आणि दांडू लांब केला की झालं.

मैदान शंकरपाळ्यासारखं. त्याच्या एका टोकाला 'होम', म्हणजे घर, आणि उरलेल्या तीन टोकांना तीन बेस. चेंडू टोलवायचा, घर सोडून पळायचं, तिन्ही ठिकाणी टेकायचं आणि परत घरी यायचं. एवढ्याचा एक रन. पोटासाठी जळगावहून पुण्यामुंबईला गेलेली आमची निम्मी पिढी हेच करते आहे. फक्त परत घरी येण्याचं तेवढं राहून जातं.

नियमांची पुस्तिका मी घरी आणली आणि मोठ्याने वाचू लागलो.

"यात बेस चोरता येतो," मी म्हणालो.

"चोरता म्हणजे?" आमच्या हिने विचारलं.

"समोरच्याची नजर चुकवून पुढचा बेस गाठायचा."

"आणि सापडला नाही तर?"

"तर वहीत त्याच्या नावावर लिहायचं, चोरी एक. कौतुक म्हणून."

"तुमच्या बँकेत असलं काही नव्हतं ना?" असं म्हणून ही आत निघून गेली.

चोरीसारखाच त्यागालाही रकाना आहे. स्वतः बाद होऊन दुसऱ्याला पुढे सरकवलं, तर वहीत 'सॅक्रिफाइस' अशी नोंद होते आणि ते बाद होणं फलंदाजाच्या सरासरीत धरत नाहीत. माझ्या आईने जन्मभर दुसरं काही केलं नाही. पण आमच्या घरात तो रकानाच आखलेला नव्हता.

मी अडखळलो तो तिसऱ्या रकान्यापाशी. 'एरर.' म्हणजे चूक. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर लोक हळहळतात, बोटं मोडतात, पण धावफलकावर त्याची नोंद नसते. बेसबॉलच्या फलकावर मात्र धावा, हिट्स आणि त्यांच्या शेजारी, तितक्याच मोठ्या आकड्यात, चुका! ही बॉक्स स्कोअरची मांडणी रुळवली हेन्री चॅडविक नावाच्या वार्ताहराने १८५९ च्या सुमारास. जन्माने इंग्रज, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा, मग बेसबॉलकडे वळलेला. बहुधा माझ्यासारखंच अक्षर चांगलं असावं.

दहाबारा वर्षांच्या लेकरांच्या चुका शाईने लिहून ठेवायच्या, हे काही माझ्या मनाला पटेना. मग मी एक युक्ती काढली. नियम म्हणतो, साधारण प्रयत्नाने जमण्यासारखं होतं आणि जमलं नाही, तर ती चूक. आता साधारण म्हणजे किती, हे ठरवणार कोण? स्कोअरर! मग काय, कुणाच्या पायांतून चेंडू गेला की मी लिहायचो, 'हिट. चेंडूला वेग फार.' कुणाच्या हातून झेल सुटला की, 'हिट. ऊन डोळ्यांवर.' तीन आठवड्यांत माझ्या वहीत एकाही मुलाची चूक नव्हती. माझ्या दयाळूपणावर मी स्वतः फार खूश होतो.

सर खूश नव्हते. म्हणाले, "काका, तुमच्या वहीत आमची पोरं कधी चुकतच नाहीत. मग मी त्यांना शिकवू काय?"

मी मनात म्हटलं, मास्तर लोक. त्यांना लाल शाईशिवाय चैन पडत नाही.

अशात धुळ्याच्या मुलांशी सामना ठरला. एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत आम्ही धुळ्याला पोचलो. धुळं माझं जन्मगाव. कॅप्टन ब्रिग्जने एकोणिसाव्या शतकात आखून दिलेल्या सरळ रस्त्यांचं हे गाव, गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. माझं लहानपण पाच नंबरच्या गल्लीत गेलं, त्यामुळे मी उगाचच यजमानासारखा वागत होतो.

आमच्या संघात पाचवीतला एक चष्मेवाला मुलगा होता. सगळ्यांत लहान, नेहमी बाकावर. सहाव्या डावात एकाचा पाय मुरगळला आणि सरांनी याला राइट फील्डला उभं केलं, कारण चेंडू तिकडे सहसा जात नाही. त्याच्यावर बॅटिंगची पाळीही आली नाही. सातवा, म्हणजे शेवटचा डाव. सहा-सहा अशी बरोबरी, धुळ्याचे दोन बाद, त्यांचा एक गडी दुसऱ्या बेसवर. आणि चेंडू उंच उडून नेमका राइट फील्डला गेला. नको तिथेच जाणं ही चेंडूची आणि संकटांची जुनी सवय आहे.

पोरगा बरोबर चेंडूखाली आला. चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये पडला. आणि बाहेर आला. "पळ रे भो, पळ!" असा एकच गिल्ला झाला, धुळ्याचा गडी घरी पोचला, आम्ही सहा-सात असे हरलो.

मी वहीत लिहिलं, 'हिट. ऊन डोळ्यांवर.' ऊन त्याच्या पाठीवर होतं, हे मलाही दिसत होतं.

परतीच्या एस.टी.त कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पारोळ्याच्या अलीकडे तो मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला.

"आजोबा, माझं काय लिहिलं?"

"काही नाही रे राजा. तू काळजी करू नकोस."

त्याने वही मागितली. स्वतःचं नाव शोधलं आणि त्या ओळीवरून बोट फिरवत गेला. शून्य, शून्य, शून्य, शेवटपर्यंत शून्य.

"म्हणजे मी खेळलोच नाही?"

"खेळलास की!"

"मग मी यात कुठे आहे?" तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये आला होता आजोबा. ती हिट नव्हती. आता हा रन त्याच्यावर लागला ना?"

त्याने बोट दाखवलं तिकडे आमचा पिचर खिडकीच्या गजांना डोकं टेकून बसला होता. आणि चौतीस वर्षं दुहेरी नोंदीची लेजरं लिहिलेला मी चमकलो. एका खात्यात काही जमा केलं की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात ते नावे पडतंच, हे बँकेतल्या नवख्या पोरांना मी शिकवायचो. ती चूक लिहिली असती, तर तो रन पिचरच्या माथी आला नसता. मी हिट लिहिली, आणि या पोराला दिलेल्या दयेचे पैसे परस्पर त्या पोराच्या खात्यातून काढले. तेही त्याला न विचारता. बँकेत याला वेगळा शब्द होता.

पण मला जास्त लागला तो पहिलाच प्रश्न. मग मी यात कुठे आहे?

पाच नंबरच्या गल्लीत मी सगळ्यांत धाकटा. दादा मला खेळायला न्यायचा आणि जाहीर करायचा, "हा कच्चा लिंबू!" कच्च्या लिंबावर राज्य येत नाही. त्याला कुणी बाद करत नाही, त्याने दांडू मारला तरी अंतर कुणी मोजत नाही. तो सगळ्यांच्या मधे पळत असतो आणि खेळात नसतो. एकदा माझी विटी एका मुलाने अल्लद झेलली. मी ऐटीत दांडू खाली ठेवून निघालो, तर दादा म्हणाला, "त्याचं धरू नका रे, तो कच्चा लिंबू आहे. परत मार." त्या दिवशी मी जो रडलो, तो कशासाठी हे आईलाही कळेना. मला बाद व्हायचं होतं, हे सांगणार तरी कसं?

मुलांच्या बेसबॉलचा इतिहास मी नंतर वाचला. अमेरिकेत विल्यम्सपोर्ट नावाच्या गावी कार्ल स्टोट्झ नावाचा गृहस्थ १९३८ साली आपल्या भाच्यांशी झेल-झेल खेळताना एका झुडपात अडखळला, आणि मुलांसाठी त्यांच्या मापाचं मैदान का असू नये, असं त्याच्या मनात आलं. पुढच्या वर्षी लाकडाची वखार, दूध डेअरी आणि खाऊवाला अशा तिघांच्या मदतीवर तीन संघ उभे राहिले. ६ जून १९३९ ला पहिला सामना झाला. वखारवाल्यांनी डेअरीवाल्यांना २३-८ असं हरवलं. हा आकडा पाहता चुकांचा रकाना ओसंडला असणार. ही 'लिटल लीग' पुढे जगभर पसरली.

पण त्याच इतिहासात १९५५ सालचं एक पान आहे. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या कॅनन स्ट्रीट वायएमसीएचा, काळ्या मुलांचा एक संघ स्पर्धेत उतरला. त्यांच्याशी खेळायचं नाही म्हणून राज्यातल्या सगळ्या गोऱ्या संघांनी नावं काढून घेतली. ही मुलं एकही चेंडू न खेळता राज्याची विजेती ठरली. आणि खेळून जिंकला नाहीत, म्हणून पुढे खेळू दिलं गेलं नाही! विल्यम्सपोर्टच्या अंतिम स्पर्धेला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. ती प्रेक्षकांत बसली आणि लोक ओरडू लागले, "त्यांना खेळू द्या!" नाही खेळू दिलं. त्यांच्या नावावर एकही पराभव नाही, एकही चूक नाही. इतकी कोरी पाटी कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

दादाने मला लिंबू केलं ते मायेने, त्या मुलांना बाहेर ठेवलं ते द्वेषाने. दोन्ही एका मापाने मोजणं बरोबर नाही. पण वहीतली ओळ दोन्हीकडे सारखीच कोरी राहते, हे मात्र खरं.

तुम्ही म्हणाल, चुका मोजण्याची आपल्याकडे काय कमतरता आहे? सासू मोजते, साहेब मोजतो, समोरच्या गॅलरीतल्या बाई तर व्याजासकट मोजतात. कबूल. पण त्यांच्या वहीत तेवढा एकच रकाना असतो. बेसबॉलच्या वहीत चुकांच्या शेजारी रन असतात, हिट्स असतात, त्यागही असतो. साधारण प्रयत्नापलीकडचं कुणी मागत नाही. डोक्यातला नुसता गोंधळ तिथे एरर धरत नाहीत (हा नियम घरात लागू झाला असता तर!). आणि पुढच्या सामन्याला पान नवीन असतं. अशी वही कुणी ठेवणार असेल, तर तिच्यात आपली चूक लिहिली जाणं ही शिक्षा नव्हे. हजेरी आहे.

एरंडोल येईपर्यंत मी हिट खोडली, बँकेच्या शिस्तीप्रमाणे शेजारी सही केली आणि लिहिलं 'ई-९'. ई म्हणजे एरर, नऊ हा राइट फील्डचा नंबर. पोराने ते दोनदा वाचलं. मग वही घेऊन तो पुढे गेला आणि पिचरला दाखवली. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला एस.टी.च्या खडखडाटात ऐकू आलं नाही. पण जळगाव आलं तेव्हा दोघं एका बाकावर झोपलेले होते.

परवाचीच गोष्ट. गॅसवर दूध ठेवलंय, लक्ष द्या, असं सूनबाई सांगून गेली आणि मी वर्तमानपत्रात डोकं घातलं. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं. सूनबाई धावत आली, सगळं पुसलं आणि अतिशय प्रेमाने म्हणाली, "असू द्या बाबा. तुमच्याकडून होणारच."

माझ्या पोटात खड्डा पडला. पाच नंबरची गल्ली डोळ्यांपुढे आली. साठ-पासष्ट वर्षांनी पुन्हा कच्चा लिंबू!

तेवढ्यात आतून ही आली. तिने ओटा पाहिला, पातेलं पाहिलं, मला पाहिलं. "होणारच म्हणजे? डोळे फुटले होते का? अर्धा लिटर दूध घालवलंत! जा, आणा आता डेअरीतून, आणि चालत जा!"

मी पिशवी घेऊन निघालो. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन होतं. पण खरं सांगतो, मंडळी, मला फार बरं वाटत होतं. ई-९ तर ई-९. हिच्या वहीत अजून माझं नाव आहे.